वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली कांदळवन सफारी: एका माजी बँकवालीचा अभिप्राय

खाडीतल्या कुठल्याही सफारीबद्दल मत देताना पक्षी किती दिसले हे मी सगळ्यात शेवटी बघते. होडी वल्ह्यावर चालते की इंजिनावर, काठाच्या चिखलापासून किती लांबून जाते, एका वेळी किती होड्या आत सोडतात आणि तिकिटाचा पैसा संध्याकाळी कुणाच्या घरी जातो, हे चार प्रश्न आधी. चारही प्रश्नांना मनासारखं उत्तर मिळालं अशी मी पाहिलेल्यांपैकी एकच जागा आहे: वेंगुर्ल्याची मांडवी खाडी. तिथे स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या जंगलाची, सफारी चालवतात, तिच्याबद्दल हे सविस्तर लिहिते आहे.

मी कोल्हापूरची. बी.एस्सी. बॉटनी घेऊन केलं आणि नोकरी बँकेत केली. त्यातली शेवटची बरीच वर्षं बचत गटांच्या कर्जाच्या टेबलावर गेली. १९९२ मध्ये नाबार्डने गट आणि बँका जोडायला सुरुवात केली, तेव्हापासूनच्या फायली आमच्या शाखेच्या कपाटात होत्या. पापड, लोणची, शिलाई मशीन, शेळ्या, म्हैस. सगळ्या फायली वाचल्या की एक गोष्ट कळायची. जो धंदा बायकांना आधीपासून हाताशी होता, त्याचं कर्ज फिटायचं. प्रशिक्षण देऊन वरून लादलेला धंदा तिसऱ्या वर्षी कपाटात जायचा. त्यामुळे मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायकांनी वल्ही हातात घेऊन पर्यटकांना खाडी दाखवायचा धंदा काढलाय, हे ऐकलं तेव्हा माझे कान टवकारले. होडी आणि भरती-ओहोटी त्यांच्या घरचीच. वेगळं एवढंच, की आता होडीत मासळीच्या जागी माणसं बसणार होती.

सफारी सुरू झाली २०१७ मध्ये. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा, केंद्र सरकार आणि राज्याच्या कांदळवन कक्षाच्या सहभागाने एक जैवविविधता प्रकल्प चालू होता, त्याचा आधार गटाला मिळाला. प्रकल्प कधीतरी संपतातच. मी शेकडो फायलींमध्ये पाहिलंय की प्रकल्प संपला की फलक गंजतो आणि शेड कुलूपबंद होते. इथे प्रकल्प संपून इतकी वर्षं झाली तरी होड्या चालू आहेत. बँकेच्या भाषेत सांगायचं तर अनुदान थांबल्यावरही खातं जिवंत आहे. माझ्या लेखी ही या जागेची पहिली आणि सगळ्यात मोठी पावती.

आम्ही गेलो तिघं: मी, धाकटी बहीण आणि तिचा नववीतला मुलगा. आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी या रस्त्याने सकाळी लवकर निघालं तर जेवणाआधी वेंगुर्ल्यात पोहोचता येतं. पण आम्ही आदल्या दिवशीच जाऊन राहिलो, कारण फोनवर आम्हाला वेळ मिळाली होती ती भरतीची. "तुमका कधी जमता ता सांगू नका, पाणी कधी जमता ता मी सांगतंय," असं पलीकडून ऐकल्यावर मला बरं वाटलं. गिऱ्हाईक म्हणेल तेव्हा होडी सोडणारा माणूस खाडीचं ऐकत नसतो.

होडीत बसायच्या आधी लाइफ जॅकेट. माझ्या बहिणीने, "इथे पाणी किती असणार, छातीभर," असं म्हणून टाळायचा प्रयत्न केला, तो चालला नाही. "ताई, आधी ह्या घाला, मगे मदी बसा. कडेक नको." दोघी बायका, एक पुढे, एक मागे. मागचीच्या वल्ह्याचा पाण्यात आवाजही नव्हता. होडी सुटली आणि दोन मिनिटांत बंदराचा, रस्त्याचा, कुठल्याशा ट्रकच्या हॉर्नचा आवाज मागे राहिला. मग ऐकू येऊ लागला तो चिखलाचा आवाज. चिखल बोलतो, हे खरंच. बिळांतून हवा सुटते, खेकडे सरकतात, बारीक टकटक चालू असते. इंजिनाच्या होडीत बसून हे कुणाला कधीच ऐकू येणार नाही.

आता झाडांबद्दल. गटातल्या बायकांना या झाडांची माहिती शिकवून तयार केलंय हे कळतं, पण ती पाठ केल्यासारखी येत नाही. जिने पुढचं वल्हं धरलं होतं, तिने आधी तिवराची मुळं दाखवली. चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी वर आलेली. खालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून झाडाने श्वास घ्यायला मुळं हवेत पाठवलेली. त्याच चिखलाला नासक्या अंड्याचा वास येतो. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू गंधकाचा वायू सोडतात त्याचा तो वास. पर्यटक नाक धरतात, तेव्हा त्यांना घाण वाटते. तिने सांगितलं की हा वास नसेल तर खाडीत काहीतरी बिघडलंय असं समजायचं. मी बॉटनी शिकले ते चाळीस वर्षांपूर्वी, पुस्तकातून, आकृत्या काढून. भाच्याने तिवराचं पान होडीत बसूनच जिभेला लावून बघितलं, खारट लागलं. झाड मुळांवाटे आलेलं जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, हे त्याला आता कुणी परीक्षेत विचारलं तर त्याचं उत्तर चुकणार नाही.

पुढे कांदळ. त्याची आधारमुळं फांद्यांपासून वाकून चिखलात रोवलेली, आणि झाडावरच रुजलेली लांब रोपं शेवग्याच्या शेंगांसारखी लोंबत असतात. बी झाडावरच रुजतं आणि रोप म्हणूनच खाली पडतं. ओहोटीला पडलं तर चिखलात उभं रुतून बसतं, भरतीला पडलं तर तरंगत दुसऱ्या काठाला लागतं. मग चिप्पी, जिच्या पांढऱ्या जातीला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. खारफुटीच्या एखाद्या झाडाला असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. काठाच्या कडेला काटेरी पानांची मारांडी, आत काजळा. आणि एका जागी होडी मुद्दाम लांबून नेली. "ह्यो गेवा. ह्येचो चीक डोळ्यात गेलो तर डोळो जातलो. हात लावू नको हां, झिला." गेव्याचा पांढरा चीक डोळ्यांना खरंच धोकादायक असतो. झाड ओळखून होडी लांब ठेवणारी माणसं पाहिली की आपण योग्य हातांत आहोत हे कळतं.

पक्ष्यांचं म्हणाल तर आम्हाला खंड्या दिसला, वंचक दिसला, चिखलावर शेपूट हलवत पळणारा तुतवार दिसला आणि डोक्यावरून ब्राह्मणी घार गेली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुणे पक्षी जास्त असतात. पण दुर्बीण घेऊन यादी पुरी करायला जाणाऱ्यांनी आधी सांगून ठेवावं, म्हणजे होडी तशी हळू नेता येईल. पाणमांजर दिसेल का, असं भाच्याने विचारलं. दिसेलच असं कुणी म्हणालं नाही, आणि खोटं आश्वासन दिलं नाही याचं मला मोल वाटतं.

भरतीचं गणित नीट सांगते, कारण बहुतेक अभिप्रायांत ते नसतं आणि सहल सगळी त्यावर अवलंबून असते. पूर्ण ओहोटीला होडी आतल्या अरुंद फाट्यांमध्ये जाऊच शकत नाही, गाळात बसते. पूर्ण भरतीला होडी कुठेही जाते, पण मुळं पाण्याखाली जातात, मग बघायला फक्त हिरवी पानं उरतात. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे पाणी चढू लागल्यावर, पूर्ण भरतीच्या साधारण दोन तास आधी. मुळं अजून उघडी असतात, निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत असतात, खेकडे बिळांच्या तोंडाशी असतात आणि होडीपुरतं पाणी आलेलं असतं.

ही वेळ घरबसल्या काढायची तर कालनिर्णय पुरतं. कोकणात जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तो पूर्ण भरतीचा ढोबळ तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी. वेंगुर्ल्यात मुंबईपेक्षा थोडं आधी पाणी भरतं, तेवढा फरक धरायचा. रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. होडीची वेळ भरतीच्या दोन तास आधीची, म्हणून ज्यांना सकाळच्या गारव्यात जायचंय त्यांनी द्वादशी-त्रयोदशीच्या आसपासचा दिवस धरावा. संध्याकाळी जायचं तर अष्टमी-नवमी बरी. पौर्णिमेला सुट्टी आहे म्हणून निघालात तर उन्हाच्या कडाक्यात होडीत बसावं लागेल. त्या दिवशी उधाण असतं, पाणी जोरात येतं-जातं, वल्हवणाऱ्या हातांना तेही जड. मध्यंतरीच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, भांगाच्या दिवसांत पाणी शांत चढतं. हे सगळं नक्की करायला फोनच करायचा, पण एवढं माहीत असलं की आपण रविवारचा हट्ट सोडतो.

आता माझा आवडता भाग, हिशेब. पर्यटनशास्त्रात वहनक्षमता म्हणतात, म्हणजे एखादी जागा दिवसाला किती माणसं सोसू शकते. सिफुएंतेस नावाच्या संशोधकाने १९९२ मध्ये तिची एक पद्धत मांडली होती. आधी जागेत किती माणसं मावतील ते काढायचं, मग पाऊस, वारा, निसर्गाच्या अडचणी वजा करायच्या, मग सांभाळणाऱ्यांची ताकद बघून आणखी कमी करायचं. खाडीत ही वजाबाकी भरतीच करून देते. मी वहीत मांडलेला हिशेब असा. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, गटाच्या हिशेबवहीतले नव्हेत. समजा चार होड्या, होडीत सहा पाहुणे. उजेडाच्या वेळेत उपयोगी अशी एकच भरती, तिच्यात तीन फेऱ्या. दिवसाला बहात्तर माणसं. पावसाळ्याचे चार महिने गेले. उरलेल्या आठ महिन्यांतले शनिवार-रविवार आणि सुट्ट्या मिळून नव्वद दिवस धरले, त्यातल्या निम्म्याच दिवशी भरती सोयीच्या वेळी. म्हणजे पंचेचाळीस दिवस, तीन हजार दोनशे चाळीस माणसं. माणशी दोनशे रुपये धरले तर सहा लाख अठ्ठेचाळीस हजार. दहा बायकांत वाटले तर वर्षाला प्रत्येकी चौसष्ट हजार आठशे, त्यातून होडीची डागडुजी, रंग, वल्ही, जॅकेटं, फोन वजा.

हा आकडा काढल्यावर मला कळलं की मोह कुठे आहे. फेऱ्या वाढवायच्या तर होडीला इंजिन लावावं लागेल, म्हणजे वेळ निम्म्यावर येईल. किंवा होड्या दुप्पट करायच्या. दोन्ही मार्गांनी दोन-तीन हंगाम पैसा येईल आणि काठ ढासळेल. इथल्या बायका त्या वाटेला गेलेल्या नाहीत, आणि म्हणूनच त्यांना उत्पन्न वाढवायचा दुसरा रस्ता मिळायला हवा. तो रस्ता पाहुण्याच्या हातात आहे. सफारी करून तासाभरात गाडी फिरवून गोव्याला पळू नका. वेंगुर्ल्यात मुक्काम करा. मासेमारांच्या घरी आधी सांगून जेवा. आम्ही जेवलो त्या घरात तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, कुर्लीचं कालवण, भात आणि सोलकढी होती, आणि कालवणाला घातलेलं वाटण पाट्यावरचं होतं हे पहिल्या घासाला कळलं. भाच्याने कुर्लीचा नांगा कसा फोडायचा हे त्या घरच्या आजींकडून शिकून घेतलं. खाडीत सकाळी ज्या बिळांशी खेकडे पाहिले, त्या खाडीतली कुर्ली ताटात कशी येते, जाळं कुठे लावतात, लहान कुर्ली परत का सोडतात, हे त्यांनी जेवता जेवता सांगितलं. सफारीचा दुसरा भाग तोच होता.

बँकेत माझ्या जागेवर बसलेल्या मुलामुलींना एक सांगणं आहे. अशा गटाला कर्ज देताना दरमहा हप्ता लावू नका. "पावसात होडी वर काढूक लागता, मगे हप्तो खयसून देतलंव?" असं मला सरळ विचारलं गेलं आणि प्रश्न रास्त होता. ऊस लावणाऱ्याला आपण ऊस तुटल्यावर हप्ता लावतो, मग खाडीवर जगणाऱ्याला जून ते सप्टेंबर सूट द्यायला काय हरकत आहे? शाखा व्यवस्थापकाच्या अधिकारात हप्त्याचं वेळापत्रक बसवता येतं. मी ते फळबागेसाठी केलेलं आहे.

तुलनेसाठी एक अनुभव लिहिते. जागेचं आणि चालवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. दक्षिण कोकणातल्याच दुसऱ्या एका खाडीत आम्हाला यांत्रिक बोटीतून नेलं. बोटीवर स्पीकर होता आणि तो आम्ही सांगूनही बंद झाला नाही. खारफुटीच्या कडेने बोट वेगात गेली की तिच्या लाटा काठावर आपटत होत्या, आणि त्या काठाची माती धुपून कांदळाची मुळं हातभर उघडी पडलेली मला स्पष्ट दिसली. नैसर्गिक भरतीचं पाणी हळू चढतं, गाळ आणून टाकतं. बोटीची लाट गाळ ओढून नेते. दिवसातून वीस बोटी तशा गेल्या तर वर्षाकाठी काठ मागे सरकतो, मग मुळांना धरायला काही उरत नाही. एका पाहुण्याने पक्ष्यांना पाव फेकला, चालकाने हसून प्रोत्साहन दिलं. झाडाचं एकही नाव आम्हाला कळलं नाही. तिकीट वेंगुर्ल्यापेक्षा महाग होतं, आणि बोटीचा मालक त्या गावचा नव्हता, हे चालकानेच सांगितलं. तिथे परत जाणार नाही.

हा फरक नुसत्या आवडीनिवडीचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि मग २०१८ च्या निकालात खारफुटीची तोड थांबवली. २०१८ च्या निकालात तर ही नासधूस म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, असं न्यायालयाने म्हटलं. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत खारफुटी सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात आहे, पण त्याच वर्गात ठरवून दिलेल्या पट्ट्यात, मंजूर आराखड्यानुसार निसर्गपर्यटनाला, खारफुटीतून चालायच्या वाटांना वाव ठेवलाय. वाव आहे, म्हणून उद्या प्रत्येक खाडीत लाकडी फळ्यांची वाट आणि वर हॉटेल अशी मागणी येईल. २०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालात महाराष्ट्रात खारफुटी ३२४ चौरस किलोमीटर आहे असं नोंदलंय. त्यात सिंधुदुर्गचा वाटा लहानसाच. लहान वनाला गर्दी लवकर टोचते.

इतर ठिकाणी काय करतात तेही बघण्यासारखं आहे. ओडिशात भितरकनिकाला खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या विणीसाठी मे ते जुलै पर्यटन बंद ठेवतात. तमिळनाडूत पिचावरमला वल्ह्याच्या होड्या आहेत, पण तिथली गर्दी मोठी. गोव्यात चोडण बेटावरचं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं, रायबंदरहून फेरीने जायचं. तिथे भरतीची वेळ बघितली नाहीत तर सहल वाया जाते. ऐरोलीला ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांसाठी वन खात्याच्या बोटी आहेत, त्यांच्या फेऱ्याही भरतीवर ठरतात. आणि कांदळवन प्रतिष्ठानाने मारंबळपाडा, काळिंजे, सोनगाव, आंजर्ले अशा गावांत गावकऱ्यांच्या गटांना धरून निसर्गपर्यटन सुरू केलंय. त्यातलं काळिंजे मला पुढच्या हंगामात बघायचं आहे. यापैकी कुठेही गेलात तरी पहिल्या परिच्छेदातले चार प्रश्न विचारा. विचारणारा पाहुणा आला की चालवणाऱ्याच्याही लक्षात राहतं.

मांडवी खाडीत काय वाढवावं असं मला वाटतं? धक्क्यावर त्या आठवड्याच्या भरतीच्या वेळा खडूने लिहिलेला एक फळा असावा. रस्त्याने सहज आलेला माणूस तो बघून दुसऱ्या दिवशी परत येईल. झाडांच्या नावांची एक छोटी घडीची पुस्तिका, मराठीत, पाच-दहा रुपयांना विकायची. भाच्याने होडीतून उतरल्यावर तीच मागितली. आणि भरतीबरोबर वाहून येणारा प्लॅस्टिकचा कचरा. तो वरच्या गावांतून, बाजारातून, ओढ्यातून येतो, कांदळाच्या मुळांत अडकतो आणि कोवळ्या रोपांना वाकवतो. सफारीवाल्या बायकांनी तो रोज वेचायचा आणि वरच्यांनी रोज टाकायचा, हे बरोबर नाही. हे काम नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी ओढ्याच्या तोंडाशीच जाळी बसवून करावं. पर्यटकांकडून एवढीच अपेक्षा की पाण्याची बाटली घरची न्यावी आणि घरीच परत आणावी.

जाण्याआधी काही व्यावहारिक गोष्टी. आदल्या दिवशी नाही, निदान आठवडाभर आधी फोन करा. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत तर त्याहून आधी. कुडाळ आणि सावंतवाडी ही जवळची रेल्वे स्थानकं, तिथून एसटी किंवा रिक्षा. अंगावर मळखाऊ कपडे, पायात पट्ट्याच्या चपला, डोक्यावर टोपी. ओहोटीच्या वेळी उतरावं लागलं तर पायऱ्यांवर शेवाळं असतं, गुडघेदुखी असलेल्यांनी कुणाचा तरी हात धरावा. अत्तर किंवा उग्र वासाचं काही लावून जाऊ नका, डास त्याने कमी होत नाहीत. तिकिटाचा दर हंगामाप्रमाणे बदलतो, म्हणून लिहीत नाही. आमच्या वेळी तो एका चांगल्या मासळी थाळीपेक्षा कमी होता. त्यात घासाघीस करू नका, माझी कळकळीची विनंती आहे. तासभर दोन बायका वल्ही मारतात, त्या बदल्यात ते पैसे कमीच आहेत.

शेवटी, कोल्हापूर-सांगलीकडून चाळीस-पन्नास माणसांच्या बस काढणाऱ्या सहलवाल्यांसाठी. सगळी बस एकदम धक्क्यावर उतरवू नका. अर्धी माणसं वेंगुर्ला बंदर आणि दीपगृहाकडे पाठवा, किंवा डच वखारीचे अवशेष दाखवा, अर्धी खाडीत. मग आलटून पालटून. शाळांच्या सहली असतील तर मंगळवार-बुधवार निवडा. त्या दिवशी होड्या रिकाम्या असतात, मुलांना हवा तेवढा वेळ मिळतो आणि गटाला मधल्या वारीही काम मिळतं. आमच्या भागातल्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना मी हे सुचवलं आहे, जानेवारीतल्या त्रयोदशीची तारीखही काढून दिली आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी सोबत जाऊन परत आल्यावर मुलांकडून तिवराच्या आणि कांदळाच्या मुळांच्या आकृत्या काढून घ्याव्यात, त्या वर्गात लावाव्यात, आणि एक संच मांडवीच्या बायकांना पाठवावा, असंही त्यांना सांगितलं आहे.